पार्बताबाईच्या बांधीतला ब्रह्मचारी

निवृत्त माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वेळ कसा जातो, आणि आयुष्यभर नेमकं काय केलंत? पहिल्याचं उत्तर मी देत नाही, कारण बायको समोर बसलेली असते. दुसऱ्याचं उत्तर एका दमात देतो : सरकारचा पगार घेऊन मी धानावर रोग वाढवला. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. पण त्यात चेष्टा काहीच नाही. माझ्या आईलासुद्धा ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं. मॅट्रिकनंतर एवढं शिकवलं ते याच्यासाठी का, असं ती शेजारणींना विचारायची.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या एका धान संशोधन केंद्रावर मी ऐंशीच्या दशकात कामाला होतो. आमच्याकडे शेतात असतो तो धान, ताटात येतो तो भात. काम असं होतं की करपा नावाच्या रोगाला दाद न देणारी धानाची जात तयार करायची. करपा म्हणजे एक बुरशी. पानावर होडीसारखे तपकिरी ठिपके पडतात, आणि पुढे लोंबीच्या मानेपर्यंत पोचली की मान काळी पडून मोडते, दाणे भरतच नाहीत. आता कोणती जात टिकते आणि कोणती मरते हे कळायचं तर आधी रोग हवा. तो आपणहून येईल याची काय शाश्वती? म्हणून आम्ही रोगाचा वाफा करायचो. त्याला युरियाचा मारा, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, वरून ओली पोती. रोगाला थंडी वाजू नये, ऊन लागू नये, याची आम्ही जेवढी काळजी घ्यायचो तेवढी घरात आजारी माणसाचीही कोणी घेत नाही.

एका वर्षी एवढं करूनही रोग आला नाही. वाफे हिरवेगार. साहेब हवालदिल. आमचे साहेब पुण्याकडचे, कायम पोटाच्या तक्रारी, डब्यात उकडलेले मूग. ते म्हणाले, "अहो, असं कसं चालेल? कुठूनतरी रोग घेऊन या." मी सायकल काढली आणि रोग मागायला गावोगाव हिंडू लागलो.

एका गावात पोचलो. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखून आहेत. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, मातीच्या पाळीखाली एक बांधी होती, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि तिच्यात करपा नुसता माजला होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक उंच, भरदार मिशांचा माणूस उभा होता. त्याचं नाव डोमाजी.

मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या बांधीत करपा हाये म्हनते."

"कोन सांगतलं?" त्याचा आवाज एकदम चढला. "माह्या बांधीत काई नाई." घरात वेडसर माणूस असल्यावर लोक जसे बोलतात तसा तो बोलला.

"नाई, तसं नाई. मले थोडा पायजे."

"काय पायजे?"

"करपा."

डोमाजीने मला खालून वरपर्यंत पाहिलं. मग वळून बायकोला हाक मारली, "अवं, इकडं ये. या मानसाले चाहा दे अन् कोनासंगं घरी पोचवून दे. याची तब्येत बरी नाई दिसत."

ती पार्बताबाई. बुटकी, काटक, बोलायला लागली की समोरच्याला जागा न देणारी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि करपलेल्या पानांची भली मोठी मोट पळसाच्या पानांत बांधून माझ्या कॅरियरवर चढवली. म्हणाली, "घेऊन जा. समदाच घेऊन जा. कमी पडला त उद्या ये, लाजू नोको." मग जरा थांबून म्हणाली, "साहेब, ह्या एका बांधीवर आमचं वर्साचं खानं हाये. दोन वर्सं झाले, मान मोडून राह्यली धानाची. तुमच्यापाशी बिना रोगाचा धान नाई का?"

मी म्हणालो, हाये.

आणि तो खरंच होता. त्याचा नंबर सत्तावीस. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उंच, राकट, जुन्या धानाचा आणि भरघोस उत्पन्नाच्या एका बुटक्या जातीचा संकर करून आम्ही तो काढला होता. संकर करणं हे मोठं नाजूक काम. धानाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. म्हणून सकाळीच जाऊन कात्रीने फुलाचा शेंडा छाटायचा, चिमट्याने सहाही केसर काढून टाकायचे, वर कागदी पिशवी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग आणून त्यावर झटकायचा. ते दिवस नसबंदीच्या सरकारी शिबिरांचे. बांधीत बसून कात्री चालवताना पाहून लोक धुऱ्यावर जमायचे. एकदा एका म्हाताऱ्याने हात जोडून मला विचारलं होतं, "साहेब, मानसाईचं झालं, आता धानाईचंही ऑपरेशन करून राह्यले का जी? त्याईनं काय बिघडवलं?"

सत्तावीसवर करप्याने सगळे प्रयोग करून पाहिले. वाफ्यात शेजारचे मेले, हा ढिम्म. साहेब त्याच्यासमोर उभे राहून डोळे मिटायचे. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, रोग गेला की उत्पन्न आपोआप येतं. मलाही ते तेव्हा वेदवाक्य वाटायचं.

आता इथे धंद्यातली खरी गोम सांगतो. झाडाची मिळकत एकच असते. ऊन, पाणी आणि माती यांतून जे हाती येतं तेवढंच. त्यातून पानं वाढवायची, मुळं धाडायची, रोगराईपासून घराची राखण करायची आणि वेळेवर फुलून दाणे भरायचे. काही झाडं राखणीवर इतका खर्च करतात की मुलाबाळांसाठी काही उरत नाही. दारात चार चौकीदार आणि घरात पाळणा नाही, अशी त्यांची गत. आणि काही झाडं सगळं लेकरांवर उधळून दार उघडं टाकतात. दोन्हींच्या मधलं झाड शोधणं म्हणजे आमचा धंदा. हे सगळं पुस्तकात होतं आणि मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि पार्बताबाईची बांधी वेगळी.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या पूर्ण बांधीत सत्तावीस लावला. साहेबांनीच तसं ठरवलं. "जिथे रोग सगळ्यात जास्त, तिथेच लावा. लोकांना दिसू दे." मी पार्बताबाईला म्हणालो, काळजी नोका करू बाई, वर्साचं खानं पिकते. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून रोवणी केली. आपल्या हातचं एक रोपही तिने दुसऱ्या जातीचं लावलं नाही.

काय धान आला होता! भादव्यात शेजारच्या बांध्यांवर ठिपके पडायला लागले आणि सत्तावीसच्या अंगावर डाग नाही. पानं बोटाएवढी रुंद, हिरवी म्हणजे किती, काळपट हिरवी. कमरेएवढा झाला, मग छातीएवढा. लोक लांबून बघायला यायचे. डोमाजी गावच्या नाटकात दरवर्षी राजाचं काम करायचा. आता तो बांधीच्या धुऱ्यावरही राजासारखाच चालू लागला.

एक दिवस पार्बताबाईने दोन बोटांनी खोड चाचपलं आणि जाहीर केलं, धान गर्भात आला. म्हणजे लोंबी खोडाच्या आत धरली गेली, आता ती निसवेल, म्हणजे बाहेर पडेल. त्या गावात अशी रीत होती की धान गर्भात आला की त्या बांधीत कोणी चप्पल घालून जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही आणि लोखंड म्हणून आत न्यायचं नाही. पोटुशा बाईजवळ कोणी विळा परजतं का? धान भ्याला तर दाणे पोचट राहतात. आली पंचाईत. कारण खोड चिरून आत लोंबी आहे का नाही ते बघायला मला ब्लेड लागत होतं.

"पोट फाडून पायता का?" पार्बताबाईने विचारलं. "तुमच्या मायनं तुमाले असं पायलं होतं का?"

ब्लेड खिशातच राहिलं.

मग बायकांनी धानाचं डोहाळजेवण केलं. धुऱ्यावर चिंचा, बोरकूट, दहीभात. साहेबांना आमंत्रण होतं. ते आले, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि बायकांच्या सांगण्यावरून त्यांनी धानाला चिंच दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना कुजबुजत बोलताना ऐकलं. म्हणाले, "नारळाचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा?"

डोहाळे झाले, पण धान काही निसवेना. आजूबाजूच्या रोगट बांध्या निसवल्या, त्यांच्या माना मोडल्या, तरी जे काही दाणे भरायचे ते भरले. सत्तावीस उभाच. केंद्रावर, कमी पाण्यात, तो उशिरा का होईना निसवला होता; इथे तलावाच्या पाझरावर नुसती पानं वाढवत होता. बायका म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. मी मात्र रोज येऊन धुऱ्यावरून खोडं न्याहाळू लागलो.

फक्त पाळीकडच्या एका कोपऱ्यात थोडी झाडं वेळेवर निसवली. सत्तावीस अजून पुरता स्थिरावलेला नव्हता, आणि अशा ताज्या संकरात भावंडं एकसारखी निघत नाहीत. पार्बताबाईला पुढे घालून, अनवाणी, श्वास रोखून मी तिथवर गेलो. ती झाडं जरा बुटकी होती, पानांवर अगदी बारीक डाग होते, आणि लोंब्या! रोगही रोखलेला आणि फुलही वेळेवर. आम्ही इतकी वर्षं रोगाची आंघोळ-पांघरूण करत होतो ते ज्याच्यासाठी, तो हा धान. याचं बी वेगळं राखायचं म्हणजे खुणेसाठी झाडाला चिठ्ठी बांधावी लागते. केंद्रावरच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. गावातल्या दुकानातून मी लाल दोऱ्याची गुंडी आणली आणि त्या झाडांना एकेक दोरा बांधून टाकला. पार्बताबाईने ते पाहिलं आणि हात जोडले. मला वाटलं, माझ्या कामाबद्दल तिला आदर वाटतोय.

लगेच साहेबांनी मला सिरोंच्याकडच्या चाचण्या बघायला पाठवलं. परत आलो तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. केंद्रावर न जाता मी थेट पार्बताबाईच्या घरी सायकल घातली.

"बांधीत नोका जाऊ," डोमाजी दारातच म्हणाला. "वाघ हाये."

झालं होतं ते असं. सगळ्या गावाच्या बांध्या कापून झाल्या होत्या. पिवळ्या-करड्या रानात एकच हिरवीगार बांधी शिल्लक होती, ती सत्तावीसची, तलावाच्या पाझरावर पोसलेली. साहजिकच आधी गावची गुरं आली. मग जंगलातून ससे, रानडुकरं आणि चितळांचा कळप आला. आणि चितळांच्या मागे ज्याने यायचं तो आला. छातीएवढा दाट धान, सावली, जवळ पाणी, समोर ताट वाढलेलं. त्याने मुक्कामच ठोकला. लोकांनी सत्तावीसचं नावही ठेवलं होतं : ब्रह्मचारी. अंगापिंडाने धट्टाकट्टा, रोग नाही, राई नाही, लेकरू नाही, आणि वाघाच्या संगतीला जंगलात बसलेला.

वनरक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, "वाघ सरकारचा, धानही सरकारचा. मी मधात कायले पडू?"

त्या दिवशी पार्बताबाईच्या घरी नव्याचं होतं. नवीन धानाचे पहिले पोहे कुटून देवाला आणि पितरांना दाखवायचे, मग सगळ्यांनी खायचे. माझे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि तेव्हापासून आमच्या घरी नैवेद्य, दोरे-गंडे सगळं बंद. पण दुसऱ्याच्या घरी दिलेलं नाकारायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. मी पोहे घेतले. शेजाऱ्याच्या धानाचे असतील असं मला वाटलं. बारीक, गोडसर वासाचे, सुरेख पोहे. मी खाता खाता तिला म्हणालो, "बाई, बांधी गेली तरी चालन, पन तो पाळीकडचा कोपरा वाचला पायजे. सारं त्याच्यावरच हाये."

ती म्हणाली, "त्याची काळजी नोका करू. तो देवाचा हाये. देवाले पोचला."

किती श्रद्धा आहे हिची, असं वाटून मला भरून आलं. मी अजून एक मूठ पोहे घेतले.

इकडे साहेबांनी शेतीदिन जाहीर करून टाकला होता. एक मोठे अधिकारी नागपूरहून जीप घेऊन आले. मंडप तलावाच्या पाळीवर, बांधीपासून चांगला वर. साहेबांनी अर्धा तास निरोगी पिकावर भाषण केलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, खाली पाहिलं आणि विचारलं, "लोंब्या कुठे आहेत?"

साहेब म्हणाले, "सर, त्या आत आहेत."

"मग आपण आत जाऊन बघू."

तेवढ्यात धानात एक लांब लाट उठली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वारा नसताना. जंगलाकडच्या एका चितळाने खच्चून आवाज दिला. अधिकारी पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, तो त्यांनी सावकाश मागे घेतला. म्हणाले, "पीक फार दाट आलंय. आत शिरून तुडवणं बरं नाही." टाळ्या वाजल्या. साहेबांचं अभिनंदन झालं. जीप गेली. डोमाजी माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, एवढ्या पिकात दाना नाई दिसला याईले. वाघ मात्र बराबर दिसला."

माझा जीव मात्र कोपऱ्यात अडकला होता. लोंब्या पिकून गळून पडल्या असतील, डुकरांनी तुडवल्या असतील. ते बी गेलं तर सगळी वर्षं पाण्यात. शेवटी मी डोमाजीच्या मागे लागलो. त्याचा आवाज तीन गावं ओलांडायचा, नाटकात त्याला कधी माइक लागायचा नाही.

"माह्या पार्टात वाघ पळवाचा सीन नाई," तो म्हणाला. पण त्याची मिशी हलली, त्यावरून मी ओळखलं की गडी तयार आहे.

भर दुपारी डोमाजी मुकुट घालून पाळीवर उभा राहिला. मुकुटाशिवाय आवाज निघत नाही म्हणाला. मागे ढोलवाले, टिनाचे डबे घेतलेली माणसं, आणि सगळ्यांच्या मागे मी. घरी झाडीबोली बोलणारा डोमाजी राजा झाला की शुद्ध बोलायचा.

"कोण आहे रे तिकडे?" तो गरजला. "माझ्या राज्यात, माझ्या अनुज्ञेशिवाय, पाऊल टाकणारा तू कोण? उत्तर दे! की तुझ्या जिव्हेला भीतीने गोठवले आहे?"

धान हलला. वाघ उठला. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला, आणि ढोलवाल्यांचे हात होते तिथेच थांबले. त्याने पुढचे पाय ताणून आळस दिला. एकदा मुकुटाकडे नीट पाहिलं. मग तोंड फिरवून नाल्याच्या अंगाने जंगलात चालता झाला, जराही घाई न करता. डोमाजीचा दुसरा संवाद तोंडातच राहिला. पुढे कित्येक वर्षं तो सांगायचा की आपल्या नाटकातून मधेच उठून गेलेला प्रेक्षक तो एकच.

मी धावत कोपऱ्यात गेलो. झाडं होती. लोंब्या नव्हत्या. तुडवलेल्या नव्हत्या, गळलेल्या नव्हत्या. नीट हाताने खुडून नेलेल्या होत्या. लाल दोरेही नव्हते.

पार्बताबाई मागून आली. मी विचारलं, "बाई, इथल्या लोंब्या?"

"त्या नव्याले नाई का खुडल्या? वाघ याच्या आधी, हातानंच खुडल्या जी, लोखंड लावलं नाई. त्याचेच पोहे त तुमी खाल्ले. दोनदा घेतले."

मी खाली वाकून एखादा तरी लाल दोरा सापडतो का ते बघू लागलो.

"तुमीच त लाल दोरा बांधला होता," ती म्हणाली. "आमच्याकडं देवासाठी राखला त लाल दोरा बांधते. म्या म्हनलं, साहेब बौद्ध असून आपल्या देवाचं किती करते! म्हनून तेव्हा हात जोडले."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या आळीबाहेर असे दोरे बांधलेले बोकड नि कोहळे मी लहानपणापासून पाहिले होते. पण ज्या घरात दोरा येत नाही त्या घरातल्या माणसाच्या डोक्यात दोरा म्हणजे दोरा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधन मी स्वतःच, लिंबू पिळून, दोन मुठी खाल्लं होतं. चव उत्तम होती, एवढं शास्त्रीय निरीक्षण मी खात्रीने नोंदवू शकतो.

"एक बी नाई राह्यला का?" मी विचारलं.

"चिमन्याईची जुडी हाये," ती म्हणाली.

नव्याच्या दिवशी थोड्या लोंब्यांची जुडी चौकटीला टांगतात, चिमण्यांसाठी. मी धावलो. जुडीवर दोन चिमण्या होत्या आणि त्या माझं संशोधन टिपत होत्या. मी ओरडलो, हातवारे केले, टोपी फेकली. पार्बताबाई दम खात पोचली आणि माझ्या अंगावर धावून आली.

"चिमन्याईले काऊन हाकलून राह्यले? त्याईचा वाटा हाये तो!"

"बाई, तो धान फार मोलाचा हाये."

"मोलाचा?" तिचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुमाले तुमच्या मूठभराची पडली साहेब. माह्या बांधीत काय हाये? पानं. वर्सभर लेकराईले काय घालू, पानं? तुमी म्हनलं होतं, खानं पिकते. म्या एक रोप दुसरं लावलं नाई."

मी उभाच राहिलो. साहेबांना, पुस्तकाला, सत्तावीसला, कोणालाच पुढे करावंसं वाटलं नाही. मला फार लाज वाटली आणि ती तशीच सांगितली. चिमण्या परत येऊन बसल्या.

त्यांच्याकडे बघत तीच म्हणाली, "दिलेला वाटा मांगं घेता येत नाई. बदलून घेता येते. त्याईले दुसरी जुडी आना, चांगली आना."

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या सगळ्यात महागड्या, सुवासिक जातीची जुडी मी चौकटीला टांगली, आणि चिमण्यांनी उरवलेले दाणे रुमालात बांधून घेतले. मूठही भरली नाही. पार्बताबाईने माझ्याकडून चिमण्यांची माफी मागवली. मी मागितली.

पुढे थंडी पडल्यावर ब्रह्मचारी निसवला. गाव बघायला गेलं. पण धानाला फुलायला ऊब लागते. थंडीत फुललेली प्रत्येक लोंबी वाऱ्यावर उडण्याएवढी हलकी, दाबली की चपटी. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि घरची वाट धरली.

त्यातून मार्ग काढला तो पार्बताबाईनेच, तोही चिडून. गावात सगळ्यांची तणस, म्हणजे धानाचा पेंढा, करप्याने काळवंडलेली होती. गुरं तोंड लावेनात. शेजारी हळूच विचारायला आला, बाई, एक भारा हिरवा देता का? ती म्हणाली, देईन की, भाऱ्याले पायलीभर धान घेईन. बातमी पसरली. आठवडाभर अख्खं गाव विळे घेऊन तिच्या बांधीत. डोमाजी मुकुट न घालताच भारे मोजायला उभा. उन्हाळ्याआधी तिची धानाची ढोली काठोकाठ भरली, आणि तिच्यात गावातल्या झाडून सगळ्या बांध्यांचा रोगट, मोडक्या मानेचा, पण दाणे धरलेला धान होता. एक दाणा न देणाऱ्या पिकाने वर्षाचं खाणं दिलं. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मूग चावणं थांबवलं.

त्या रुमालातलं बी मी केंद्रावर पेरणार होतो. पार्बताबाईने ऐकलं नाही. "माह्या देवाचा, माह्या चिमन्याईचा उष्टा, माह्याच बांधीत लागन." आधी कोपऱ्यात, पुढच्या वर्षी अर्ध्या बांधीत, मग पूर्ण. मी या वेळी कुठलाच शब्द दिला नाही. चिठ्ठ्या कापडाच्या आणल्या होत्या, पांढऱ्या.

पूर्ण बांधी पिकली त्या वर्षी साहेब बदली होऊन निघाले होते. जाण्याआधी ते पीक बघायला आले. त्यांनी एक पान उलटून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "डाग आहेत."

मी म्हणालो, "हो सर. दाणेही आहेत."

त्या धानाला केंद्राने नाव दिलं नाही. डाग होते ना. पण आजूबाजूच्या गावांत तो चिमणीउष्टा म्हणून बरीच वर्षं लावला जात होता. माझ्या नोकरीत माझ्या हातून पसरलेली जात ती एकच, आणि कागदोपत्री ती अस्तित्वात नाही.

साहेब गेल्यावर मी कापणीचा विळा घेऊन धुऱ्यावर थांबलो होतो, तिथे पार्बताबाई आली. तिने एक ठिपकेवालं पान बोटांत धरून पाहिलं, मग लोंबी तळहातावर तोलली. मला वाटलं, डागांवरून बोलेल.

"थोडा बिमार पडते, थोडे लेकरं होते," ती म्हणाली. "आता कसा मानसावानी झाला. तुमचा तो पहिला त देवच होता, बापा. अन् देवाले पोसाची आमची ऐपत नाई."

मग तिने माझ्यापुढे हात पसरला. त्या हंगामात धान गर्भात आल्यापासून बांधीत लोखंड चालेल असा तो पहिलाच दिवस होता.

"आना तो इळा."